छत्री आजीची आहे

दिवाळीची सुट्टी संपून बालवाडी उघडली की पहिल्याच आठवड्यात आया दारात रेंगाळू लागतात. मुलाला आत सोडतात, चपला घालतात, दोन पावलं जातात आणि परत वळून हळू आवाजात विचारतात, “ताई, जरा नर्सरीच्या इंटरव्ह्यूची तयारी करून घ्याल का हो?” कोणाला कलर्स आणि शेप्स हवे असतात, कोणाला वीसपर्यंत नंबर्स, कोणाला ‘माय नेम इज’पासून सुरू होणारी पाच वाक्यं. एकीने मला वहीचं पान दाखवलं होतं. आदल्या वर्षी ज्यांची मुलं तिला हव्या असलेल्या शाळेत नर्सरीला लागली त्यांच्याकडून जमवलेले सत्तावीस प्रश्न त्यावर सुवाच्य अक्षरात उतरवले होते. ज्याच्यासाठी ते जमवले तो तीन वर्षं चार महिन्यांचा होता, आणि त्या वेळी आत सतरंजीवर बसून डब्याचं झाकण उघडायची खटपट करत होता.

मी पुण्याच्या एका उपनगरात बावीस वर्षं बालवाडी चालवते. त्यातली तीन वर्षं मी ही तयारी करून घेतली. सुटी झाल्यावर आठ-दहा मुलांना अर्धा तास थांबवायचं आणि महिन्याचे वेगळे पैसे घ्यायचे. आयांची गरज आहे, मी नाही केलं तर कोपऱ्यावरचा क्लास करेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती चूक होती. आता मला जे म्हणायचं आहे ते त्या तीन वर्षांत जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून म्हणते आहे.

त्या मुलांमधला एक मला विसरता येत नाही. मी फ्लॅशकार्ड धरलं होतं, त्यावर लाल छत्री. “व्हॉट इज धिस?” त्याने कार्डाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “आजीची.” त्याच्या आजीची छत्री खरोखरच लाल होती, सबंध पावसाळा ती त्याला त्याच छत्रीतून आणून सोडायची. म्हणजे त्याने चित्र ओळखलं, ते आठवणीशी जोडलं, वस्तू कोणाची ते सांगितलं आणि ‘छत्री’ला शोभेल असा ‘ची’ही अचूक लावला. साडेतीन वर्षांच्या मुलाने याहून अधिक काय करायचं? मी म्हणाले, “नो. से, अम्ब्रेला.”

आठवड्याभरात तो अम्ब्रेला म्हणायला लागला. पण त्याच सुमारास माझ्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी मी काहीही पुढे केलं, पिंपळाचं पान असो की गंजलेली चावी, की तो त्या वस्तूकडे बघायचा. हातात घ्यायचा, उलटी करायचा, वास घ्यायचा. आता तो आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. उत्तर वस्तूत नसतं, ताईच्या चेहऱ्यावर असतं, हे त्याला मी शिकवलं होतं. आठ-दहा जणांच्या त्या गटात हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत झालं. एकदा बघायला लागल्यावर ते मला रोज दिसत राहिलं.

मुलाखतीच्या दिवशी तो एक शब्दही बोलला नाही. समोर दोन अनोळखी बाया, टेबलावर ठोकळे, आईला थोडं मागे बसवलेलं. परतताना रिक्षात बसल्या बसल्या त्याने ‘अम्ब्रेला, अम्ब्रेला’ म्हणायला सुरुवात केली ती घर येईपर्यंत, असं त्याची आई मला सांगत होती. यादीत त्याचं नाव आलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही.

अनोळखी माणसासमोर तीन वर्षांचं मूल गप्प बसतं, आईच्या पदराआड जातं, यात काहीही बिघडलेलं नसतं. ओळख नसलेल्या माणसाला आधी जोखून मग बोलणं हे शहाणपणाचंच लक्षण आहे. माझ्याकडे जूनमध्ये येणाऱ्या पंचवीस मुलांपैकी सात-आठ जणं पहिले पंधरा दिवस तोंड उघडत नाहीत. त्यातली दोन-तीन मुलं गणपतीपर्यंत अशी बोलायला लागतात की थांबवावं लागतं. पंधरा दिवसांतही ज्यांच्याबद्दल मला नेमकं काही सांगता येत नाही, त्यांच्याबद्दल दहा मिनिटांत निर्णय कसा काय होतो?

शिवाय वय. एकाच नर्सरीच्या वर्गात जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल शेजारी बसतं. दोघांत अकरा महिन्यांचं अंतर असतं. चाळिशीतल्या माणसाला अकरा महिने म्हणजे काहीच नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. डिसेंबरवालं मूल चौकोनाला चौकोन म्हणालं नाही, तर ते कमी हुशार नसतं, लहान असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट घराची. ज्या घरात आईबाबा एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, तिथलं मूल ‘पर्पल’ म्हणतं. ज्याची आई चार घरी पोळ्या लाटायला जाते, ते ‘जांभळा’ म्हणतं. जांभळा म्हणणाऱ्याला रंग तर कळलेला असतोच, बहुतेक वेळा जांभूळही कळलेलं असतं. पण गुण पर्पलला मिळतात. मग आईबाबांना आत बोलावतात. शिक्षण काय, नोकरी कुठे, मुलाला वेळ किती देता, घरी कोणती भाषा. एवढं सगळं विचारल्यावर त्या खोलीत निवड कोणाची होते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घर निवडलं जातं, आणि नकार मात्र मुलाच्या नावावर जमा होतो. आयुष्यातली पहिली ‘नापास’ तीन वर्षांच्या जिवाच्या खात्यात लिहिली जाते, ती त्याच्या आईच्या पगाराबद्दल किंवा बापाच्या इंग्रजीबद्दल असते.

शाळा म्हणतात, आम्ही परीक्षा घेतच नाही, ही फक्त ‘इंटरॲक्शन’ आहे, मूल आमच्याकडे रुळेल का एवढंच बघतो. मुलाला रुळवणं हे तर शाळेचंच काम. जे मूल पहिल्या दिवशी रडतं, हट्ट करतं, बोलत नाही, त्याला चांगल्या शिक्षिकेची गरज सगळ्यांत जास्त असते. आयतं रुळलेलं, बोलकं, रंग-आकार येणारं मूल निवडून घ्यायचं आणि दहावीला निकालाचे फलक चौकात लावायचे, यात शाळेचं कर्तृत्व नेमकं किती, हे मला शाळाचालकांना विचारायचं आहे.

असं काही पहिल्यांदाच मी म्हणते आहे असं नाही. मुलांच्या पाठीवरचं ओझं कमी कसं करावं याचा विचार करायला केंद्र सरकारने वैज्ञानिक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९९३ साली आला. दप्तराच्या ओझ्याबद्दल तो सगळ्यांना आठवतो. त्याच अहवालात नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती घेण्याची पद्धत बंद करावी, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. इतक्या लहान वयात वाचन, लेखन आणि अंक औपचारिकपणे लादणं याला त्या समितीने हिंसा म्हटलं होतं. शब्द फार कडक वाटतो. पण अम्ब्रेला म्हणत घरी जाणाऱ्या मुलाला डोळ्यांपुढे आणल्यावर मला तो कडक वाटत नाही.

मग २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी देणगी घेणं आणि मूल किंवा पालक यांची चाळणी लावणं या दोन्हींना बंदी केली. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. चाळणी म्हणजे काय, हेही कायद्याने मोघम ठेवलेलं नाही. सोडतीसारखी कोणाच्याही मर्जीवर न चालणारी पद्धत सोडून इतर कोणत्याही रीतीने एका मुलाला दुसऱ्यापेक्षा पसंती देणं, म्हणजे चाळणी. नाव ‘इंटरॲक्शन’ ठेवल्याने या व्याख्येतून सुटका होत नाही.

सुटका होते ती वयामुळे. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शाळेचं खरं दार मात्र तिसऱ्या वर्षीच उघडतं आणि तिथेच बंदही होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये म्हटलं की वंचित आणि दुर्बल घटकांच्या राखीव जागा सोडल्या तर नर्सरीच्या प्रवेशांना हा कायदा लागू होत नाही. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या नायब राज्यपालांनी शंभरपैकी ७० गुण घराच्या अंतराला देणारी नियमावली आणली. म्हणजे जो जवळ राहतो त्याला आधी. सरळ, समजणारी गोष्ट. शाळा न्यायालयात गेल्या आणि वर्षभरात ती नियमावली रद्द झाली.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. याच कायद्यानुसार खाजगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. महाराष्ट्रात त्यासाठी शिक्षण विभाग ऑनलाइन सोडत काढतो. ही मुलं कोणतीही मुलाखत न देता येतात. त्यांना छत्री दाखवली जात नाही, त्यांच्या आयांना नोकरी विचारली जात नाही. ज्या इमारतीत उरलेल्या जागांसाठी दहा मिनिटांची मुलाखत ‘अत्यावश्यक’ असते, त्याच इमारतीत, त्याच बाईंच्या वर्गात चौथा हिस्सा मुलं नुसत्या सोडतीने येऊन बसतात आणि शिकतात. मग मुलाखतीशिवाय शाळा चालत नाही हे म्हणणं कुठे टिकतं? समजा साठ जागांना सहाशे अर्ज आले. पाचशेचाळीस मुलांना नाही म्हणावंच लागणार, हे मला मान्य आहे. पण चिठ्ठी निघाली नाही, हे आई मुलाला सांगू शकते. तू नीट बोलला नाहीस, हे तिने त्याला का सांगायचं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने या २५ टक्क्यांच्या नियमातच बदल केला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला सूट. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या, आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. गरीब घरांतल्या पालकांनी आपला हक्क भांडून राखला. मध्यमवर्गीय पालक मात्र आपल्या मुलासाठी सोडत मागायला अजून कधी रस्त्यावर आलेला मी पाहिलेला नाही. तो फ्लॅशकार्ड विकत आणतो.

तरीही त्याला वेडा ठरवणारे जे लेख येतात, ते मला पटत नाहीत. मी या आयांना रोज बघते. त्यांची भीती खरी आहे. बहुतेक मोठ्या खाजगी शाळा नर्सरीपासून दहावीपर्यंत असतात. नर्सरीत वर्ग भरला की ज्युनिअर केजीत दोन जागा, पहिलीत एखादी, ती पण कोणाची बदली झाली तर. म्हणजे तिसऱ्या वर्षी चुकलेलं दार पुढची बारा-तेरा वर्षं उघडत नाही. आमच्याच भागात महानगरपालिकेची मराठी शाळा होती. मी बालवाडी सुरू केली तेव्हा तिथे पहिलीच्या दोन तुकड्या होत्या. पट घसरत गेला, एक तुकडी गेली, मग दोन इयत्ता एका खोलीत बसायला लागल्या. दोन रस्त्यांपैकी एक असा डोळ्यांदेखत खचल्यावर आई दुसऱ्या रस्त्यावर धावणारच. “ताई, तुमचं सगळं पटतं, पण माझ्या मुलावर प्रयोग नको,” असं मला एक आई म्हणाली होती. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

आज थोडं आहे. तयारीने जागा वाढत नाहीत. साठ मुलांना तयार केलं तरी जागा साठ आणि सहाशेंना तयार केलं तरी साठच. वाढते ती फक्त शाळेची अपेक्षा. मी पहिल्या वर्षी दहापर्यंत अंक घेत होते, तिसऱ्या वर्षी पन्नासपर्यंत, कारण शेजारच्या क्लासमध्ये पन्नासपर्यंत घेत होते. पेन्सिलसुद्धा तशीच आली. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात, एकेक करत हाडाची होतात, आणि शेवटचं व्हायला मूल तिसरी-चौथीच्या पुढे जावं लागतं. त्या हाताला आम्ही दोन रेघांत अक्षर बसवायला लावत होतो. ज्या वेळात तो मातीचे गोळे करू शकला असता, चिंचोके मोजू शकला असता, मणी ओवू शकला असता, आणि त्यातूनच पुढे पेन्सिल धरायला बळ येतं, तो वेळ आम्ही पेन्सिल धरण्यात घालवला.

हे सगळं ज्या महाराष्ट्रात चाललं आहे तिथे बालशिक्षणाची वेगळी वाट सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी आखली गेली होती, याचं मला सारखं वाईट वाटतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती. त्यांना धाकटी भावंडं सांभाळायची होती, गुरं चारायची होती. ताराबाईंनी ‘मुलं तयार नाहीत’ असं म्हटलं नाही. त्या बालवाडी घेऊन पाड्यावर गेल्या आणि कोणाच्या तरी अंगणात ती भरवली. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. साधनंही तिथलीच, खडे, बिया, पानं, शंख-शिंपले. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी कागदावर आहे, तो त्या अंगणातून आला आहे. शाळेने मुलाच्या दारात जायचं, मुलाने शाळेच्या दारात परीक्षा द्यायची नाही, ही आपली परंपरा होती. ज्यांच्याकडे माझं प्रशिक्षण झालं त्या बाई हे सांगताना गहिवरायच्या. आणि मी त्यांचीच विद्यार्थिनी, फ्लॅशकार्ड धरून बसले होते.

मग मूल शाळेसाठी तयार करायचंच नाही का? करायचं. मी आयांना विचारते, त्याला डब्याचं झाकण स्वतः उघडता येतं का? शू लागली हे वेळेवर सांगता येतं का? चप्पल डावी-उजवी ओळखता येते का? गोष्ट संपेपर्यंत मांडीवर बसतो का, आणि मध्ये “मग काय झालं?” विचारतो का? तुम्ही भाजी निवडताना तो मटार सोलतो का? घरातल्या भाषेत, मग ती मराठी असो, कन्नड असो की मारवाडी, तो भरभरून बोलतो का? ज्या भाषेत मूल विचार करतं त्या भाषेत त्याला आधी भरपूर बोलू द्या. नंतर इंग्रजी येतेच, माझ्याकडून गेलेल्या शेकडो मुलांना आली. यातलं काहीही पैसे देऊन करून घेता येत नाही, आणि बहुतेक सगळं स्वयंपाकघरात होतं.

माझी मागणी साधी आहे. राज्य सरकारने तीन ते सहा वर्षांच्या सर्व प्रवेशांना तेराव्या कलमाची बंदी लागू होईल असा कायदा करावा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षं एकच पायाभूत टप्पा मानली आहेत. मग टप्प्याच्या मधोमध, सहाव्या वर्षी, संरक्षण सुरू करण्याला काय आधार उरतो? प्रवेश अंतराच्या आधारे, आणि जागेपेक्षा अर्ज जास्त असतील तर पालकांसमोर सोडत काढून द्यावेत. दुसरं, प्रत्येक शाळेने पहिलीत ठरावीक जागा नव्याने भरायलाच हव्यात, म्हणजे तिसऱ्या वर्षीचं दार हे एकमेव दार राहणार नाही आणि निम्मी भीती आपोआप कमी होईल. पालिकेच्या शाळा सुधारणं हे तर करायलाच हवं, ते किती वेळा आणि कोणाला सांगायचं.

हे होईपर्यंत बालवाड्यांनी एक गोष्ट आजपासून करावी. आम्ही तयारी करून घेणं थांबवलं तर या शर्यतीची चाकं पुष्कळ मंदावतील. मी माझ्या दारावर तसा कागद लावला त्या वर्षी सहा मुलं काढून नेली गेली. बालवाडीच्या हिशेबात सहा मुलं म्हणजे एका मदतनीस ताईंचा पगार. आम्ही दोघींनी मिळून ते वर्ष काढलं. पुढच्या वर्षी चार नवी आली, त्यातल्या दोघांच्या आया म्हणाल्या की तो कागद वाचूनच आलो.

या नोव्हेंबरातही एक आई दारात थांबली. तिच्या हातात प्रश्नांची यादी होती. मी तिला आत बोलावलं आणि म्हटलं, आज अर्धा तास बसा, काही बोलू नका, फक्त बघा. तिची मुलगी पाण्याच्या टबापाशी होती. एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतत होती, सांडत होती, पुन्हा भरत होती. मग तिने एक उंच बारीक पेला आणि एक बसका पेला शेजारी ठेवून दोन्हींत पाणी ओतलं, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आईकडेही बघितलं नाही. आईने यादी पर्समध्ये ठेवली आणि मला हळूच विचारलं, “ही रोज असं करते?”

“रोज,” मी म्हटलं.